बेस गिटारसाठी कर्ज द्यायचं का?

 

शेळीसाठी कर्ज मागितलं तर काय विचारायचं, हे आमच्या गटातल्या प्रत्येकीला पाठ आहे. गाभण आहे का, चारा कुठून आणणार, विमा काढणार का? शिलाई मशीनचं तसंच, पिठाच्या गिरणीचंही तसंच. पण मागच्या वर्षी बैठकीत आमच्या एका ताईनं लेकीच्या कामासाठी चोवीस हजार मागितले आणि वस्तूचं नाव सांगितलं, बेस गिटार आणि तिचा अ‍ॅम्प. बैठक एकदम चिडीचूप झाली. मग आमच्यातल्या सगळ्यात जुन्या मावशी बोलल्या, "ते वाजवून पोट भरते काय वं?"

मुलगी दोन वर्षांपासून एका ऑर्केस्ट्रा पार्टीत वाजवते, हे आम्हाला माहीत होतं. नवरात्रात जागरण, गणपतीत मंडळांचे कार्यक्रम, उन्हाळ्यात लग्नाची संगीत संध्याकाळ. पण ती नेमकं काय वाजवते, त्यासाठी चोवीस हजार कशाला लागतात, हे आम्हा कोणालाच सांगता येत नव्हतं. गटाच्या पंचसूत्रीत अंतर्गत कर्ज आहे आणि वेळेवर परतफेडही आहे. म्हणून आम्ही ठरवलं, न समजता "नाही" म्हणायचं नाही आणि न समजता "हो"सुद्धा नाही. पुढच्या बैठकीला मुलीलाच वाद्य घेऊन बोलावलं. आम्हाला तेव्हा जे समजलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

बेस म्हणजे काय

पोरीनं आधी गिटार काढलीच नाही. भजनी मंडळात तबला वाजवणाऱ्या आमच्या ताईंना म्हणाली, "काकू, फक्त उजव्या हातानं वाजवा." काकूंनी वाजवलं. टक टक, तिन तिन. "आता डग्ग्यासकट वाजवा." डग्गा घुमला आणि दोन-तीन जणींच्या माना आपोआप हलल्या. ती म्हणाली, "डग्ग्याचं जे काम तबल्यात, तेच माझं काम ऑर्केस्ट्रात."

आपल्या बोलीत "बेस झालं" म्हणजे चांगलं झालं. हा बेस वेगळा. गाण्यातला सगळ्यात खालचा, जाड आवाज म्हणजे बेस. तो ठेक्याला धरून चालतो आणि गाणारीला सूरही दाखवतो. गाणं ऐकताना आपलं लक्ष शब्दांकडे असतं, चालीकडे असतं, बेसकडे नसतंच. पण तो थांबला की गाणं पायाखालची जमीन गेल्यासारखं लटकतं. घरातल्या बाईच्या कामासारखंच हे. केलं तर दिसत नाही, नाही केलं की सगळ्यांना कळतं.

साध्या गिटारला सहा तारा असतात, बेस गिटारला बहुतेक वेळा चार. त्यांची नावं ई, ए, डी आणि जी. साध्या गिटारच्या जाड चार तारांचीही हीच नावं आहेत, पण बेसचे सूर एक सप्तक खाली असतात. साध्या गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा थरथरते, बेसची सुमारे ४१ वेळा. माणसाचा कान साधारण २० पासून २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. म्हणजे बेसची जाड तार आपल्या ऐकण्याच्या खालच्या काठाजवळच असते. म्हणूनच तो आवाज कानापेक्षा छातीत आणि पायाखाली जास्त जाणवतो. इतका खालचा सूर काढायचा तर तार जाड हवी आणि लांबही हवी. बेसच्या तारेची वाजणारी लांबी साधारण ३४ इंच असते, साध्या गिटारची २५ इंचांच्या आसपास. म्हणून हे वाद्य लांब आणि जड. पोरीची गिटार चार किलोच्या घरातली होती. तीन तास ती खांद्याला अडकवून उभं राहायचं, म्हणून पट्टा रुंद हवा. अरुंद पट्टा खांद्यात रुततो, हे पाण्याची कळशी वाहिलेल्या बाईला वेगळं सांगायला नको.

कोराडीची वीज आणि गिटारची वीज

मावशींनी विचारलं, "याच्या पोटात पोकळी तर दिसत नाही. मग आवाज कुठून येते?" प्रश्न अगदी बरोबर होता. तंबोऱ्याला भोपळा असतो, ढोलकीला खोड असतं. ही गिटार मात्र भरीव लाकडाची. जोडणी न करता छेडली तर शेजारच्या खोलीतही ऐकू येत नाही.

याचं उत्तर आपल्या गावातच आहे. कोराडीच्या वीज केंद्रात ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. तिथे वाफेच्या जोरावर मोठं चुंबक फिरतं आणि भोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांत वीज तयार होते. चुंबक आणि तारेचं वेटोळं यांच्यात हालचाल झाली की वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखवून दिलं. बेस गिटारच्या तारांखाली जी काळी पट्टी असते तिला पिकअप म्हणतात. तिच्यातही चुंबक आहे आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे आहेत. इथे चुंबक स्थिर असतं, हलते ती वरची पोलादी तार. तार थरथरली की वेटोळ्यात तितक्याच थरथरीची इवलीशी वीज तयार होते. ती केबलमधून अ‍ॅम्पमध्ये जाते, तिथे मोठी होते आणि स्पीकरचा पडदा हलवते. नायलॉनची तार लावली तर हा पिकअप मुका राहील, कारण नायलॉनला चुंबक ओळखत नाही.

आणखी एक गंमत तिनं सांगितली. वीज केंद्रातलं ते यंत्र मिनिटाला ३,००० म्हणजे सेकंदाला ५० फेरे घेतं, म्हणून आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवलं की जी हा सूर लागतो, तो सेकंदाला ४९ कंपनांचा. स्पीकरमधून कधीकधी "हम्म्" अशी जी घरघर येते, ती विजेचीच असते आणि या सुराच्या अगदी शेजारची असते. म्हणून अर्थिंग खराब असलं तर इतरांच्या आधी बेसवाल्याला कळतं.

पहिली कोण?

ही गिटार येण्याआधी वाद्यवृंदात बेससाठी माणसाहून उंच डबल बेस असायचा. तो उभा धरून वाजवायचा आणि गाडीत न्यायचा म्हणजे हाल. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली "प्रिसिजन बास" बाजारात आणली आणि आडवी धरायची, पडदे असलेली बेस गिटार जगभर पसरली. प्रिसिजन म्हणजे अचूक. पडद्यामुळे सूर नेमक्या जागी लागतो, म्हणून ते नाव. मुंबईच्या सिनेसंगीतातही ती रुळली. आर. डी. बर्मन यांच्या वादकांमध्ये टोनी वाझ बेस गिटार वाजवत.

"हे पोरांचं काम आहे," असंही बैठकीत कोणीतरी म्हणालं. त्यावर पोरीनं दोन नावं घेतली. एक कॅरल के. या अमेरिकेतल्या वादक. १९६३ साली ध्वनिमुद्रणाला ठरलेला बेसवादक आला नाही, तेव्हा साधी गिटार वाजवणाऱ्या या बाईंनी बेस हातात घेतली, आणि पुढे लॉस एंजेलिसमधल्या अगणित गाण्यांत त्यांचा बेस वाजला. दुसऱ्या आपल्या मुंबईच्या मोहिनी डे. वडील सुजय डे बेसवादक, त्यांच्याकडेच त्या लहानपणापासून शिकल्या आणि ए. आर. रहमान, झाकीर हुसेन यांच्यासोबत वाजवून जगभर फिरल्या. मावशी म्हणाल्या, "बरं, ते झालं. आता तुझी यादी वाच."

यादीतली एकेक वस्तू

यादी आम्ही अशीच ऐकली, जशी गिरणीची ऐकतो. हे कशाला, आणि याच्याशिवाय चालेल का?

गिटार. ती पार्टीवाल्याची गिटार भाड्यानं वाजवत होती. ती तिच्या हाताला मोठी होती, मान वाकलेली होती. मान वाकली की तारा पडद्यापासून उंच जातात, बोटं दुखतात आणि सूरही हलतो. जुनी गिटार घेताना मान सरळ आहे का ते एका टोकाकडून डोळा लावून बघायचं, सुतार फळी बघतो तसं. प्रत्येक पडद्यावर सूर वाजवून बघायचा. आवाजाची बटणं फिरवताना खरखर येते का तेही ऐकायचं.

अ‍ॅम्प. तिनं ४० वॅटचा, दहा इंची स्पीकरचा मागितला. आम्ही म्हटलं, मैदानात वाजवतेस तर मोठा का नाही? तर मैदानात मोठा आवाज साउंडवाल्याच्या स्पीकरमधूनच जातो. आपला अ‍ॅम्प घरी सरावाला आणि स्टेजवर स्वतःला ऐकू येण्यापुरता. शिवाय वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. वॅट दुप्पट झाले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायचा तर साधारण दहापट ताकद लागते. खालचा सूर हवेला जास्त ढकलतो, म्हणून त्याला ताकद तशीच जास्त हवी. साध्या गिटारच्या छोट्या अ‍ॅम्पला बेस लावून जोरात वाजवलं तर स्पीकर फाटू शकतो.

केबल. दिसायला सारख्याच, पण दोन जातींच्या. गिटारची केबल आतून जाळीनं झाकलेली असते, कारण ती इवलीशी वीज वाहते आणि बाहेरची घरघर आत येऊ द्यायची नसते. अ‍ॅम्पपासून स्पीकरला जाणारी वेगळी, जाड, तिला जाळी नसते. अदलाबदल केली तर एकीकडे घरघर, दुसरीकडे केबल तापते. एक केबल नेहमी जास्तीची ठेवायची.

डीआय बॉक्स. मुठीएवढा लोखंडी डबा. बेसचा नाजूक आवाज मिक्सरपर्यंत लांब न्यायचा तर वाटेत पातळ होतो आणि घरघर गोळा करतो. हा डबा त्याला लांबच्या प्रवासाला तयार करून तीन पिनांच्या माइकच्या केबलमध्ये घालतो.

ट्यूनर आणि तारा. गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर गोंगाटातही थरथर ओळखून सूर दाखवतो. तारा घामानं गंजतात, म्हणून वाजवून झालं की सुती फडक्यानं पुसायच्या. काही गिटारांत ९ व्होल्टचा सेल असतो. त्यांची केबल काढून ठेवली नाही तर वाजवलं नाही तरी सेल संपत राहतो.

ती रात्र

यादी पटली, पण आम्हाला काम बघायचं होतं. म्हणून नवरात्रात आम्ही सात जणी तिचा कार्यक्रम ऐकायला जवळच्या एका गावी गेलो. प्रेक्षकांना आठचं सांगितलेलं, ती मात्र पाचलाच पोहोचलेली. वादकाचं निम्मं काम असं वाजवण्याच्या आधीच असतं.

साउंड लावताना गाणाऱ्या मुलीनं माइकला ओठ लावले आणि ती किंचाळून मागे झाली. झटका बसला होता. बोर्डाला तीन पिनांचा प्लग होता, पण पुढे जोडलेली वायर दोनच तारांची होती. अर्थिंग गायब. आमच्या पोरीनं गिटार खाली ठेवली आणि म्हणाली, "अर्थिंग झाल्याशिवाय मी हात लावत नाही." पार्टीवाला चिडला. लोक जमले होते, आरती आटोपली होती. "एवढ्यानं काय होते? बाकीचे नाही वाजवत काय?" म्हणाला.

एवढ्यानं काय होतं ते सांगतो. १९७२ साली ब्रिटनमध्ये स्वान्सी इथे लेस्ली हार्वे हा गिटारवादक स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावताच विजेच्या धक्क्यानं गेला. गिटारच्या तारा पोलादाच्या, त्या अ‍ॅम्पमार्फत जमिनीला जोडलेल्या. माइकच्या धातूत वीज उतरली असेल तर एका हातात गिटार आणि ओठाला माइक असलेला माणूसच मधली वायर होतो. वीज सरळ छातीतून जाते.

आमच्यातल्या एका ताईंचे यजमान वायरमन आहेत. ते सोबत होते म्हणून बरं. त्यांनी तीन तारांची वायर टाकली, अर्थिंग तपासलं, बोर्डाला ३० मिलिअँपिअरचं गळती-रोधक स्विच लावलं. असं स्विच वीज गळू लागली की क्षणात पुरवठा तोडतं. कार्यक्रम चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाला. पार्टीवाल्यानं त्या रात्री पोरीचे तीनशे रुपये कापले.

मैत्रिणींनो, तुमच्या भजनी मंडळालाही हे लागू आहे. प्लगची तिसरी पिन कधी कापायची नाही. घरघर येते म्हणून अर्थिंग काढणारे लोक असतात. घरघर घालवायचं बटण डीआय बॉक्सवर असतं, ते फक्त आवाजाच्या केबलपुरतं. विजेच्या अर्थिंगला हात लावायचा नाही. ओल्या गवतावर बोर्ड ठेवायचा नाही. माइकला ओठ लावण्याआधी वायरमनला अर्थिंग तपासायला लावायचं, आणि हे सांगताना लाजायचं नाही.

कानाचंही तसंच. ८५ डेसिबल आवाजात आठ तास, ही कान सांभाळण्याची मर्यादा मानतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधराच मिनिटं. पोरगी कानात फोमचे बोळे घालते आणि मोठ्या स्पीकरच्या बाजूला, मागे उभी राहते. आम्ही मात्र पुढे बसलो होतो. रात्रभर कानात शिट्टी वाजत राहिली. ही शिट्टी म्हणजे कानानं केलेली तक्रार असते. लहान लेकरांना स्पीकरच्या तोंडाशी बसवू नका.

आणि वेळ. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणासुदीला सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटर भाग सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. वादकासाठी हा नियम चांगलाच आहे. कार्यक्रम वेळेवर संपतो, आणि पोरी वेळेवर घरी पोहोचतात.

हिशेब

पुढच्या बैठकीत वही उघडली. तिला एका सुपारीचे दीड हजार मिळत, त्यातून गिटारच्या भाड्याचे पाचशे कापले जात. महिन्याला तीन कार्यक्रम धरले तर भाड्यातच दीड हजार जात होते. मावशी म्हणाल्या, "म्हणजे दुसऱ्याची शेळी चारून दूधही त्यालेच देते ही."

चोवीस हजार, बारा हप्ते, दरमहा मुद्दल दोन हजार. व्याज उरलेल्या रकमेवर महिन्याला शेकडा एक. पहिल्या महिन्याचं व्याज २४० रुपये, शेवटच्या महिन्याचं २०. बारा महिन्यांचं मिळून १,५६०. पण काम बारा महिने सारखं नसतं. आषाढात लग्न नाही, पितृपक्षात एकही सुपारी नाही. म्हणून आम्ही अट घातली. नवरात्रात आणि लग्नसराईत मिळालेल्या पैशांतून दोन हप्ते आधीच गटात जमा ठेवायचे. दुसरी अट, सुपारी घेताना निम्मा इसार हातात, आणि परतीच्या गाडीचं आधी ठरलेलं. आमच्यातल्या दोघींना तरीही धोका वाटत होता, आणि त्यांचं म्हणणं आम्ही नोंदवहीत लिहिलं.

मग मावशी बोलल्या, "भर लोकांत 'नाही' म्हणाली पोरगी. पैसे कापले तरी म्हणाली. तिले द्या."

कर्ज दिलं. एक हप्ता चुकला, भर पावसाळ्यात. आईनं मसाल्याच्या पैशांतून अर्धा भरला, उरलेला पुढच्या महिन्यात दंडासह आला. आता चार हप्ते राहिले आहेत. पार्टीवाला अजून तोच आहे. पण आता कार्यक्रमाच्या आधी वायरमन येऊन जातो, असं पोरगी सांगते.

तुमच्या गटात उद्या कोणी असंच अनोळखी काही मागितलं, कॅमेरा असो, ढोल असो, की केस कापायची खुर्ची, तर तिला वस्तू घेऊन बैठकीला बोलवा. ती काय करते ते ऐका, काम चालू असताना बघा, बिनकामाचे महिने कोणते ते विचारा, आणि मगच वही उघडा. आमचं चुकता चुकता राहिलं, म्हणून सांगितलं.

पुढच्या वेळी जागरणाला गेलात तर डोळे मिटून खालचा सूर शोधा. सापडला की मान आपोआप हलेल.